खुराड्यांतील उतरंड

शेतकऱ्याच्या चीजवस्तूंची मोजदाद करतांना जमीन, बैल, गाई-म्हशी, विहीर हीं सर्व मोजलीं जातात. अंगणांत फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या मात्र कोणी जमेस धरीत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या दफ्तरांत गेलें. गांवनमुन्यांत विहिरीची नोंद असते, बांधावरच्या झाडाची असते; कोंबडीचा रकाना मात्र माझ्या पाहण्यांत कधीं आला नाहीं. सरकारच्या पशुगणनेंत तो असतो, आणि त्यांतला आंकडा लहान नाहीं. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणें देशांतील एकंदर सुमारें ८५ कोटी पाळीव पक्ष्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लक्ष पक्षी मोठ्या कोंबडी-कारखान्यांतले नसून घरोघरच्या परसांतले आहेत. आणि २०१२ च्या गणनेपेक्षां ही परसांतली संख्या जवळ जवळ ४६ टक्क्यांनीं वाढली आहे. एवढ्या धनाचा सांभाळ बहुतेक घरीं बायकांच्या हातीं असतो, आणि त्यापासून येणारा पैसाहि बहुधा त्यांच्याच गांठीला राहतो. म्हणूनच कीं काय, घरांतला कर्ता पुरुष या विषयांत लक्ष घालीत नाहीं. आणि क्वचित् घातलेंच तर माझ्यासारखें नुकसान करून ठेवतो. तें नुकसान कसें झालें आणि त्यांतून काय शिकावयास मिळालें, हें शेतकरी बंधूंपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

घडलेली गोष्ट

आमचें मूल हें धानाचें गांव. मृग लागला कीं पऱ्हे टाकावयाचे, आणि पुढें आषाढ-श्रावणांत बांध्यांतून रोवणी करावयाची. कोंवळ्या पऱ्ह्यांत कोंबड्या शिरल्या तर रोपें उकरून टाकतात. शिवाय रोवणीच्या दिवसांत घरचीं सर्व माणसें शेतावर असतात. म्हणून त्या काळांत कोंबड्या परसांतच कुडाच्या आंत कोंडून ठेवाव्या लागतात. दिवाळीनंतर खळें लागलें म्हणजे त्याच कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरून सांडलेलें धान, किडे, उधळी वेचून खातात व मालकाकडे दाणा मागावयास फारशा येत नाहींत. कोंबडीच्या वर्षांतले हे दोन काळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावे; पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आमच्या घरीं सूनबाईच्या नऊ देशी कोंबड्या व एक कोंबडा होता. गेल्या वर्षीं मी सेवानिवृत्त झालों, आणि रिकाम्या हातांस कांहीं उद्योग असावा म्हणून आषाढांत बाजारांतून गिरिराज जातीच्या पांच तलंगा विकत आणल्या. बंगळूरच्या कृषि विद्यापीठांत तयार केलेली ही जात अंगानें थोराड असते, आणि आपली देशी कोंबडी वर्षाकाठीं पन्नास-साठ अंडीं देते तर ही त्याच्या दुपटीहून अधिक देते, असें मीं वाचलें होतें. घरीं येतांच पायांच्या दोऱ्या सोडून, भर दुपारीं, त्या पांचहि तलंगा मी कळपांत सोडूं लागलों. सूनबाई म्हणाली, “मामाजी, आजची रात टोपल्याखालीं राहूं द्या. दोन-चार दिवस एकमेकींना पाहूं द्या, मग सोडा.” मी हंसून म्हणालों, “अगं, कोंबड्याच त्या! त्यांना कसला आला आहे मानपान?”

तासाभरांत एका तलंगेच्या डोक्यांतून रक्त निघालें. दुसऱ्या दिवशीं पांचहि जणी लांकडांच्या ढिगामागें अंग चोरून बसलेल्या दिसल्या. दाणा एकाच पसरट भांड्यांत घालण्याची आमची रीत होती; जुन्या कोंबड्या भांड्याभोंवतीं कडें करीत आणि नव्यांस जवळ येऊं देत नसत. दहाव्या दिवशीं एक तलंग मेली. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, चौथ्या आठवड्यांत जुन्यांपैकीं ‘भुरी’ नांवाची कोंबडीहि मेली. आणि आठवड्याला पंधरा-सोळा मिळणारीं अंडीं पांच-सहांवर आलीं. शेजारीपाजारी म्हणूं लागले कीं, बाजारांतून मानमोडी आली. मला तें सोईचें वाटलें, कारण रोगावर दोष गेला म्हणजे माझ्यावर येत नव्हता. परंतु पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या डॉक्टरांनीं भुरीला उघडून पाहिलें तेव्हां तिच्या गळ्याखालची अन्नपिशवी अगदीं रिकामी, आणि छातीचें हाड सुरीच्या धारेसारखें वर आलेलें निघालें. ते म्हणाले, “बाबूजी, रोगाचें कांहींच लक्षण दिसत नाहीं. हिला कोणी खाऊं दिलेलें नाहीं.”

अंड्यांच्या पैशांतून सूनबाई बचत गटाचा हप्ता भरीत असे. त्या महिन्याचा हप्ता तिनें माहेरून मिळालेल्या ओंवाळणीच्या पैशांतून भरला. मला ती एक अक्षरहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

नोंदवहीनें काय सांगितलें

कारकुनाला दुःख झालें म्हणजे तो नोंदवही उघडतो. मींहि एक जुनी वही घेतली व तींत उभे-आडवे रकाने आंखले. डाव्या बाजूस चोंच मारणारीचें नांव, वरच्या बाजूस मार खाणारीचें. राहिलेल्या आठ जुन्या व चार नव्या, अशा बारा कोंबड्यांचीं रंगावरून नांवें ठेवलीं, आणि पंधरा दिवस, सकाळीं दाणा टाकल्यावर अर्धा तास व संध्याकाळीं खुराड्यांत शिरण्याच्या वेळीं, परसांत बसून नोंदी केल्या. घरचीं मंडळी हंसत. परंतु पंधराव्या दिवशीं वही समोर घेऊन बसलों तेव्हां मलाच हंसूं येईना.

कोणतीहि जोडी घेतली तरी मार एकाच बाजूचा होता. ‘अ’ ही ‘ब’ला मारी, पण ‘ब’ ही ‘अ’ला उलट मारीत नसे. ‘काबरी’च्या आडव्या ओळींतील अकराहि घरें भरलेलीं, आणि उभ्या ओळींत एकहि खूण नाहीं! ही काबरी वजनानें सर्वांत हलकी, परंतु वयानें सर्वांत वडील. तिच्या खालची एक, तिच्या खालची दुसरी, अशीं नांवें एकाखालीं एक लिहीत गेलों, तों घरांत मडक्यांची उतरंड रचावी तसा तो कळप माझ्यापुढें रचला गेला. भुरी जिवंत असतां जुन्यांत सर्वांत खालीं तीच होती, असें सूनबाईनें सांगितलें. ती गेल्यावर जुन्यांतली शेवटची जागा रिकामी राहिली नाहीं. तेथें ‘बोडकी’ आली. उतरंडींतलें खालचें मडकें काढलें तर त्यावरचें खालीं येतें, तसेंच हें झालें.

एके ठिकाणीं मात्र हिशोब जमेना. तांबडी काळीला मारी, काळी मोरपिशीला मारी, आणि मोरपिशी पुन्हा तांबडीला मारी! खतावणींत चूक झाली असें समजून पुढें चार दिवस त्या तिघींवरच नजर ठेवली. परंतु चूक नव्हती. त्या तिघींचा न्यायच तसा वर्तुळाकार होता.

हा नियम कोणीं शोधला

मला वाटलें होतें कीं मींच कांहीं नवें पाहिलें. परंतु शंभर वर्षांपूर्वींच एका गृहस्थानें माझ्यासारखीच वही ठेवली होती. नॉर्वे देशांतील थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे (१८९४-१९७६) याला लहानपणापासून कोंबड्यांचा छंद होता. कोण कोणाला टोचतें याचीं टिपणें तो शाळकरी वयापासून करीत असे. १९२२ मध्यें त्यानें आपलें निरीक्षण मानसशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. कळपांतील प्रत्येक जोडींत एक वरचढ व एक दबलेली असते, हा संबंध बहुधा टिकून राहतो, आणि त्यापासून वरून खालपर्यंत एक क्रम तयार होतो, असें त्यानें दाखविलें. आणि माझ्या वहींत सांपडलें तसें तिघींचें वर्तुळहि त्यानें नमूद करून ठेवलें आहे. या क्रमाला त्यानें जें नांव दिलें त्याचा आपल्या भाषेंत अर्थ ‘चोंचीची उतरंड’ असाच होईल. पुढें माकडें, लांडगे, गाई, मासे इत्यादि अनेक प्राण्यांत अशी उतरंड शोधली गेली. परंतु त्या शास्त्राचा पाया कोंबड्यांच्या अंगणांत घातला गेला आहे.

आपल्या कामाचा शोध त्यानंतर अमेरिकेंत लागला. गूल व ॲली या दोघां शास्त्रज्ञांनीं १९४४ मध्यें आपल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं कळप जसेच्या तसे राखले, आणि कांहींतल्या कोंबड्या वारंवार काढून त्यांच्या जागीं परक्या घातल्या. ज्या कळपांत अशी अदलाबदल होत राहिली त्यांतल्या कोंबड्या अधिक भांडल्या, कमी खाल्ल्या, अंगानें कमी भरल्या, आणि अंडींहि त्यांनीं कमी दिलीं. माझ्या परसांत जें घडलें तें हेंच. रोवणीच्या गर्दींत, कोंडलेल्या जागेंत, मीं एका दुपारीं मांडलेली घडी मोडली.

याचा हिशोबहि कारकुनी पद्धतीनें करूं. नऊ कोंबड्यांच्या एकमेकींशीं ३६ जोड्या होतात. त्या छत्तीसहि तंट्यांचा निकाल पूर्वींच लागलेला होता. पांच तलंगा एकत्र वाढलेल्या असल्यानें त्यांच्या आपसांतल्या १० जोड्यांचाहि निकाल झालेला धरूं. परंतु नऊ जुन्या व पांच नव्या मिळून ४५ नव्या जोड्या झाल्या. म्हणजे तलंगांच्या पायांच्या दोऱ्या सोडतांना मीं एका क्षणांत पंचेचाळीस तंटे दाखल करून घेतले. आणि निकाल लागेपर्यंत पक्षकारांनीं खावें काय व कोठें, याची कांहींच व्यवस्था केली नाहीं!

उतरंड कशासाठीं असते

पुष्कळांचा असा समज असतो कीं, चोंचाचोंची ही खोड आहे व ती मोडून काढली पाहिजे. मींहि प्रथम काबरीलाच विकून टाकण्याचें मनांत आणिलें होतें. परंतु तसें करणें चूक झालें असतें. चोंचीची उतरंड ही भांडण नसून भांडणाचा निकाल आहे. शेताच्या हद्दीचा फेरफार एकदां मंजूर झाला म्हणजे दोन शेजारी रोज बांधावर काठ्या घेऊन उभे राहत नाहींत, तसेंच हें आहे. बसलेल्या कळपांत प्रत्यक्ष टोचणें फार थोडें होतें. वरचढ कोंबडीनें मान ताठ करून नुसतें पाहिलें कीं खालची डोकें खालीं घालून बाजूस होते. रक्त निघत नाहीं, पिसें जात नाहींत, आणि दोघींचाहि वेळ चरण्यांत जातो. वरची काढून टाकली तर तिच्या जागेसाठीं खालच्यांत पुन्हा तंटे उभे राहतात.

कोंबडी दुसरीला ओळखते ती मुख्यतः तिच्या डोक्यावरून व तुऱ्यावरून. तुऱ्याचें रूप कृत्रिम रीतीनें बदलून पाहिलें असतां तिच्या रोजच्या सोबतिणींनीं तिला परकी समजून मारल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. ही ओळख कायमचीहि नसते. दोन-तीन आठवडे दृष्टीआड राहिलेली कोंबडी परत आली म्हणजे तिला बहुधा नवखीप्रमाणेंच जागा मिळवावी लागते. म्हणून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावयाची ती अगदीं दूरच्या खोलींत न ठेवतां कळपाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणीं बसवावी.

जागा कशावरून ठरते? वय, वजन, तुऱ्याचा आकार, प्रकृति, आणि पूर्वीं जिंकल्या-हरल्याची संवय या सर्वांचा त्यांत भाग असतो. स्वतःच्या अंगणांतली कोंबडी परक्या अंगणांतलीपेक्षां धीट असते. जी एकदां हरली ती पुढच्या झटापटींतहि हरण्याचा संभव अधिक. एवढेंच नव्हे, तर दुरून पाहणारीहि शिकते. कानडा देशांत १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, आपल्यावर वरचढ असलेल्या कोंबडीला एका नवखीनें हरविलेलें जिनें पाहिलें, ती पुढें त्या नवखीच्या वाटेला गेली नाहीं. आपल्या मनांत कोंबडीची अक्कल ही चेष्टेची गोष्ट आहे; परंतु एवढा हिशोब ती करते.

पिलांत ही उतरंड जन्मतः नसते. थोडीं मोठीं झालीं कीं तीं समोरासमोर उड्या मारूं लागतात, आणि पुढें कांहीं आठवड्यांनीं त्यांचा क्रम बसतो. कोंबड्यांचा क्रम निराळा व कोंबड्याचा निराळा असतो. एकच जाणता कोंबडा असला तर तो बहुधा सर्वांच्या वर असतो, कोंबड्यांशीं फारसा भांडत नाहीं, उलट त्याच्या समोर त्यांचीं भांडणें कमी होतात. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरे.

रानांतली चाल, खुराड्यांतली अडचण

आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा होय. चार्लस डार्विन यानें १८६८ मध्यें तसें प्रतिपादिलें होतें, आणि २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासानें नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व ब्रह्मदेश या भागांतील रानकोंबड्याच्या एका पोटजातीशीं तिचें सर्वांत जवळचें नातें ठरविलें. रानांत हा पक्षी लहान लहान टोळ्यांनीं राहतो आणि तेथेंहि उतरंड असतेच. परंतु हरलेल्याला तेथें पाय काढतां येतो. एका झुडुपाखालून हांकलला तर दुसऱ्या झुडुपाखालीं त्याला दाणा मिळतो. खुराड्यांत हरलेली कोंबडी जाईल कोठें? चाल रानाची राहिली आणि जागा मात्र आपण हिरावून घेतली.

म्हणूनच वर सांगितलेले वर्षाचे दोन काळ महत्त्वाचे. खळ्याच्या दिवसांत दाणा चहूंकडे विखुरलेला असतो. काबरीला सगळें शिवार अडवून धरतां येत नाहीं, आणि शेवटच्या कोंबडीचें पोट भरतें. पावसाळ्यांत दाणा एका भांड्यांत आणि कळप एका कुडांत आला म्हणजे तीच उतरंड जीवघेणी होते. भुरी कित्येक वर्षें शेवटचीच होती आणि तरी सुखानें जगली. तिला उतरंडीनें मारलें नाहीं. उतरंड मोडली आणि भांडें एकच ठेवलें, यानें मारलें.

पाळणाऱ्यानें काय करावें

१. दाणा एका जागीं घालूं नये. कनकी, कोंडा किंवा धान दोन-तीन भांड्यांत घालून तीं एकमेकांपासून दूर, शक्य तर एकाहून दुसरें दिसूं नये अशा रीतीनें ठेवावीं. दर कोंबडीस भांड्याच्या कांठाची निदान चार इंच जागा मिळाली पाहिजे. पाण्याचेंहि तसेंच.

२. नवे पक्षी प्रथम दोन-तीन आठवडे कळपापासून दूर ठेवावे, म्हणजे रोग असल्यास बाहेर पडतो. नंतर आठवडाभर बांबूच्या ताटीपलीकडे, एकमेकांस दिसतील पण टोचतां येणार नाहीं असे ठेवावे. मग रात्रीं, अंधार पडल्यावर, खुराड्यांत सोडावे आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेंच उठून चार ठिकाणीं दाणा टाकावा. एकटी कोंबडी कधींहि घालूं नये. दोन-तीन तरी एकदम घालाव्या, म्हणजे मार वांटला जातो. अंगानें फार लहान असलेली पिलें मोठ्यांत मिसळूं नयेत.

३. परसांत आडोसे असावे. बांबूची ताटी, मोडकी टोपली, लांकडांचा ढीग, कांहींहि चालतें. दबलेल्या कोंबडीला नजरेआड होतां आलें म्हणजे अर्धें भांडण मिटतें. मात्र आडोशास दोन बाजूंनीं वाट असावी. एकच वाट असली तर तो आडोसा न राहतां पिंजरा होतो.

४. खुराड्यांत बसावयाच्या दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्या. नाहींतर सर्वांत वरच्या दांडीसाठीं रोज संध्याकाळीं तंटा होतो. दर कोंबडीस सहा ते आठ इंच दांडी व चार-पांच कोंबड्यांस अंडीं घालण्याची एक टोपली, हें प्रमाण पुरेसें आहे.

५. रक्त दिसतांच त्या कोंबडीला वेगळें करावें. लाल रंगाकडे कोंबड्यांची चोंच आपोआप वळते, आणि मग उतरंड बाजूस राहून सगळा कळप तिच्यावर तुटून पडतो. जखमेस जेन्शियन व्हायोलेट हें जांभळें औषध लावावें. त्यानें जखमहि सुधारते व लाल रंगहि झांकतो. परंतु ती बरी होतांच लवकर परत घालावी. एकमेकींचीं पिसें उपटून खाण्याची खोड ही उतरंडीहून निराळी गोष्ट आहे. ती गर्दी, अपुरा आहार, प्रखर उजेड यांपासून लागते, आणि तिचा उपायहि तेथेंच शोधावा.

६. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेवटच्या कोंबडीवर लक्ष ठेवावें. वरच्या कोंबडीकडे पाहून कळपाची स्थिति कळत नाहीं. आठवड्यांतून एकदां, संध्याकाळीं कोंबड्या दांडीवर बसल्या म्हणजे, एकेकीची गळ्याखालची अन्नपिशवी हातानें चाचपावी. ती दाण्यानें भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर त्या कोंबडीला दिवसभर खावयास मिळालें नाहीं, किंवा ती आजारी आहे. छातीचें हाड बोटांस टोंचूं लागेपर्यंत वाट पाहूं नये.

रोग आणि उतरंड यांची गल्लत मात्र होऊं देऊं नये. मानमोडीची लस वेळच्या वेळीं टोंचून घेतलीच पाहिजे. एकाच वेळीं अनेक कोंबड्या पेंगूं लागल्या, हिरवी विष्ठा टाकूं लागल्या, मान वांकडी करूं लागल्या, तर तो रोग समजून ताबडतोब पशुवैद्यास बोलवावें. एकटी खालचीच झिजत असेल तर आधीं दाण्याचें भांडें पाहावें. आणि वरची कोंबडी अकस्मात् खालच्यांचा मार खाऊं लागली, तर ती आंतून आजारी असण्याचा संभव आहे; माणसाच्या आधीं कळपाला तें कळतें.

निवड करतांना

आपण बियाण्यासाठीं कोंबडी राखतों ती जास्त अंडीं देणारी. यांतहि एक खोंच आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्युर यांनीं १९९६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकेकटी कोंबडी न निवडतां, ज्या पिंजऱ्यांतील सर्व कोंबड्या मिळून चांगल्या ठरल्या तो सबंध पिंजराच पुढील पैदाशीस घेतला. एका पिंजऱ्यांत अनेक कोंबड्या ठेवल्या असतां दुसऱ्या पिढींत वर्षाला शेंकडा ६८ मरत होत्या. चौथ्या पिढींत तें प्रमाण शेंकडा ८.८ वर आलें, आणि अंड्यांचें उत्पन्नहि वाढलें. तात्पर्य असें कीं, एकटीनें पुष्कळ अंडीं देणारी कोंबडी कित्येकदां सोबतिणींचा घांस हिसकावून तीं देत असते. तिचींच पिलें राखलीं तर कळपांत दांडगाईच वाढते. सबब पिलें काढावयाचीं तीं शांत राहून बेतानें अंडीं देणाऱ्या कोंबडीचींहि काढावीं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखांत कोंबडबाजाराचा षोक जुना आहे. झुंजीसाठीं राखलेला नर अंगणांतल्या पैदाशीस घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. पायांस पातें बांधून लढविलेली झुंज व कळपांतली उतरंड यांचा कांहीं संबंध नाहीं. उतरंडींत हरलेला पक्षी बाजूस होतो आणि जगतो. प्राण्यांच्या झुंजी लावणें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहेच. परंतु केवळ अंड्यांचा हिशोब पाहिला तरी झुंजार रक्त खुराड्यांत आणण्यांत नफा नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. ही उतरंड पाहून, उंच-नीच हा सृष्टीचाच नियम आहे असें म्हणण्याचा मोह माणसास होतो. तसें म्हणणाऱ्यानें वही पुरी पाहावी. कोंबडीची जागा आईकडून वारशानें येत नाहीं. प्रत्येक पिढी ती नव्यानें ठरविते, आणि वय, आजार, पीसझड यांनीं ती बदलते. माणसानें त्यावरून घ्यावयाचा धडा निराळा आहे. ज्यानें कुड घातला आणि दाण्याचें भांडें मांडलें, शेवटच्या पोटाची जबाबदारी त्याची आहे, काबरीची नाहीं.

यंदा रोवणीपूर्वींच आमच्या परसांत तीन भांडीं तीन कोपऱ्यांत मांडलीं, मधें बांबूच्या दोन ताट्या उभ्या केल्या. श्रावण बरा गेला. एकहि कोंबडी मेली नाहीं आणि आठवड्याचीं अंडीं वीसांवर आहेत. काबरी अद्यापि वरच आहे. बोडकी अद्यापि शेवटची आहे, परंतु संध्याकाळीं तिची अन्नपिशवी भरलेली लागते. परवां सूनबाईनें आणखी तीन तलंगा आणल्या. मीं त्या सोडण्यासाठीं हात पुढें केला नाहीं. टोपलें तेवढें आणून दिलें.